सव्वा मुठीची ओळ

अमळनेर,
१२ जून २०२५

चि. सुलक्षणा,

आशीर्वाद पोटभर आणि तक्रारी त्याहून जास्त. आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या एवढ्या सणाला, तू आली नाहीस. सगळ्यांच्या लेकी माहेरी आल्या, अंगणात झोके चढले, आणि आपल्या घरी मी आणि तुझी वहिनी सविता एकमेकींचं तोंड बघत आमरस ओरपत होतो. नाना काही बोलले नाहीत, पण लेकीची वाटी त्यांनी स्वतः काढून ठेवली होती. ते असो. भेटलीस की कान धरीन.

आता कामाचं. गेल्या वर्षी श्रावणात कानबाईच्या रोटाला काय तमाशा झाला ते तुला ठाऊक आहे. आपल्या भाऊबंदकीत द्रौपदाअक्का एकेक नाव तोंडपाठ सांगणार आणि तुझे वडील रोटाच्या पोळ्यांसाठी प्रत्येक नावाला सव्वा मूठ गहू मापणार, हे मी लग्न होऊन आले तेव्हापासून बघते. आता अक्कांचं वय झालं. धरणगावच्या घरातल्या नव्या सुनेचं नाव त्या विसरल्या. नाव नाही म्हणून गहू नाही, आणि गहू नाही म्हणून तिला रोट नाही. ती पोर भरल्या पंगतीत कोरडी बसली आणि धरणगाववाले न जेवता बसमध्ये जाऊन बसले. सहा महिने कुणी कुणाशी बोलत नव्हतं.

म्हणून यंदा एकही नाव सुटू नये असा यादव आबांनी हुकूम सोडला, "बठ्ठी नावं कॉम्प्युटरमा टाका." आबा म्हणजे भाऊबंदकीचं शेवटचं कोर्ट, त्यांच्यापुढे अपील नाही. आणि काम कुणाच्या गळ्यात? निवृत्त बाईंच्या. कारण कधीकाळी मी एमएससीआयटी पास झाले होते.

तुझ्या धाकट्या भावाला, नवलला, सुरतेला फोन केला, तर म्हणतो, "काकू, फाइल इकडं पाठव, दहा मिनिटांत करून देतो." म्हणजे पुढल्या वर्षी पुन्हा त्याच्याच पाया पडा. मला शिकायचं आहे, आणि तू रोज हेच काम करतेस. फोनवर मात्र शिकवू नकोस, कानातलं यंत्र नुसत्या शिट्ट्या मारतं. मोबाइलवर चार ओळी लिहायला मला अर्धी दुपार लागते. कागदावर लिही. तुला अक्षरं मीच शिकवली आहेत, ती कुठं गेली नसतील.

तर अडचण अशी. मी रकाने पाडले: नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, गाव, जन्मतारीख, मुठी. जन्मतारखेच्या रकान्यात तारखाच दिसत नाहीत, सगळीकडं ###### अशी जाळी. कुणी केली? आणि मुठींच्या रकान्यात मी प्रत्येकापुढं 'सव्वा' लिहिलं, खाली बेरीज लावली, तर उत्तर शून्य. एवढ्या मोठ्या भाऊबंदकीला शून्य गहू! आबांना कळलं तर कानबाईच्या आधी माझंच विसर्जन होईल.

सोबत छापलेला कागद आहे. जावई रवींद्ररावांना नमस्कार सांग.

तुझी काकू,
प्रमिला


धुळे,
१६ जून

प्रिय काकू,

कान धरायला तुझा हात पोचेल एवढ्या जवळ येईन तेव्हा बघू. आखाजीला खरंच जमलं नाही. पेरणीच्या आधी बियाण्यांच्या गोदामात श्वास घ्यायला फुरसत नसते. सगळ्या दुकानांची मागणी माझ्याच टेबलावरून जाते.

जाळी कुणी केलेली नाही. कॉलम अरुंद आहे, त्यात तारीख मावत नाही. तारखा आत सुखरूप आहेत. वरती डी आणि ई ही अक्षरं दिसतात, त्यांच्या मधल्या रेघेवर माउस नेऊन दोनदा टिचकी मार. कॉलम आपोआप हवा तेवढा रुंद होईल.

आणि सव्वा! काकू, मी ऑफिसात एवढ्या मोठ्यानं हसले की लताबाई उठून बघायला आल्या. कॉम्प्युटरला सव्वा समजत नाही. 'सव्वा' त्याला 'धरणगाव' किंवा 'भोपळा' यांच्यासारखाच एक शब्द वाटतो, आणि शब्दांची बेरीज तो करत नाही. तिथं इंग्रजी आकड्यांत १.२५ लिही. एका चौकोनात लिहून त्याचा खालचा उजवा कोपरा धरून खाली ओढलास की सगळ्यांना मिळेल.

खाली गेलं की रकान्यांची वरची नावं दिसेनाशी होतात असं तू कागदाच्या कडेला बारीक लिहिलं आहेस. व्ह्यूमध्ये जाऊन फ्रीझ कर, म्हणजे पहिली ओळ जागेवर राहील.

एक सांगायचं होतं. पत्र पोस्टानं घरी पाठवू नकोस. कौतिकभाऊ रोज अमळनेर-धुळे गाडीवर कंडक्टर असतात ना, त्यांच्याजवळ दे. मी स्टँडवर येऊन घेत जाईन. मला तेच सोयीचं पडतं.

तुझी,
सुलक्षणा


अमळनेर,
२५ जून

चि. सुलक्षणा,

जाळी गेली, बेरीज आली! मी नानांना हात धरून खुर्चीत बसवलं आणि दाखवलं. ते म्हणाले, "सव्वा बरं दिसत व्हतं." मला पण १.२५ काही गोड वाटत नाही, पण उत्तर येतं त्याला काय करणार.

आणि हुरळून जाऊन मी घोटाळा केला. आबांनी सांगितलं होतं, नावं घराघरानं वाचायची आणि प्रत्येक घरात मोठ्यापासून लहानापर्यंत. मला वाटलं आपण हुशार. जन्मतारखेचा रकाना निवडला आणि क्रम लावायचं बटण दाबलं. त्यानं इंग्रजीत काहीतरी विचारलं. मी म्हटलं, हो बाबा, लाव. त्यानं तारखा लावल्या, फक्त तारखाच! माणसं जिथल्या तिथं राहिली आणि वयं दुसऱ्याच्या दारात. सविता नव्वदीच्या पुढं गेली. द्रौपदाअक्कांचा जन्म अलीकडचा. यादव आबा आले होते, चष्मा लावून म्हणाले, "परमिला, मी बालवाडीमा शे का?" मी घाईघाईनं सेव्ह करून बंद केलं, म्हणजे निदान दिसणार तरी नाही. दुसऱ्या दिवशी उघडलं, तर मागं जायचं बटणही काही करेना.

दुसरं म्हणजे कौतिक काल घरी आला होता. म्हणाला, सुलक्षणा वाळली आहे. पत्र दिलं आणि तिथंच बाकावर बसून राहिली, चहा नको म्हणाली. आधी मी काळजीत पडले, मग माझ्या डोक्यात उजेड पडला. आखाजीला आली नाहीस, चहा नको, पत्र घरी नको म्हणजे सासूबाईंना आधी कळू द्यायचं नसेल. काही गोड बातमी आहे का गं? मी कुणाला बोलले नाही. सोबत कैरीचं लोणचं पाठवते, जास्त आंबट आहे ते. लपवू नकोस, मी काही परकी नाही.

काकू


धुळे,
२९ जून

प्रिय काकू,

आधी आबांना बालवाडीतून काढू.

एकच कॉलम धरून क्रम लावला की बाकीचे कॉलम त्याच्यामागं जात नाहीत. पुढल्या वेळी पहिल्या नावापासून शेवटच्या मुठीपर्यंत सगळा तक्ता निवड, मग लाव. तो इंग्रजीत विचारतो ते एवढंच, की शेजारचे कॉलम सोबत घेऊ का. तेव्हा घे म्हण. प्रत्येक घराचे तुकडे वेगवेगळे निवडून लावलेस तर आबांना हवा तसा क्रम मिळेल. जे बिघडलं ते आता उलटं होणार नाही, पण तू पहिल्या पत्रासोबत पाठवलेला कागद मी जपून ठेवला होता. जाळी पडलेल्या तारखा त्यात नाहीत, पण नावं, वडील, गावं बरोबर आहेत. तारखा तुला पुन्हा विचारून भराव्या लागतील. यापुढं काहीही मोठं करायच्या आधी फाइलची एक प्रत वेगळ्या नावानं ठेवत जा.

काकू, गोड बातमी नाही.

होळीनंतर मी ते घर सोडलं. रवींद्रनं दुसरीकडं संसार मांडला आहे, बऱ्याच दिवसांपासून. मला आधी शेजारणीनं सांगितलं, मग त्यानंच सांगितलं, अगदी शांतपणे, वीजबिल भरलं असं सांगावं तसं. सासूबाई म्हणाल्या, तुला खायला-ल्यायला काही कमी आहे का? नव्हतं कमी. पण मला त्या घरात श्वास घेता येईना. माझे कपडे आणि शिलाई मशीन घेऊन निघाले. देवपुरात लताबाईंच्या घरी वरची खोली घेतली आहे. त्या माझ्याच ऑफिसात असतात, चांगल्या आहेत. तुझं पहिलं पत्र त्या शेजारणीनंच ऑफिसात आणून दिलं. मी जेवते, कामावर जाते. वाळले असेन थोडी.

तुला आधी सांगितलं नाही कारण तुझ्या पत्रांत सगळं पहिल्यासारखं होतं. मला ते हवं होतं.

नानांना सांगू नकोस. पाया पडते. आपल्यात दिलेली लेक परत आली की लोक बापाकडं कसं बघतात ते मी लहानपणापासून पाहिलं आहे. मला घरी यावंसं वाटत नाही असं समजू नकोस, रोज वाटतं. पण मी दारात उभी राहिले आणि नाना नुसते गप्प राहिले, तर ते मला सोसणार नाही. त्यापेक्षा इथं बरी आहे. मनात तरी घर राहतं.

लोणचं आवडलं. आंबटच आवडतं मला, तेवढं तुझं बरोबर होतं.

सुलक्षणा


अमळनेर,
४ जुलै

माझ्या बाळा,

पत्र गच्चीवर नेऊन वाचलं आणि तिथंच बसून रडले. खाली सविता हाका मारत होती, मला ऐकू येत नाही हे त्या वेळी बरं वाटलं. आधी रवींद्रचा राग आला, मग तुझा. होळीपासून एकटी राहिलीस आणि मला रकाने रुंद करायला शिकवत बसलीस! तुझी आई गेल्यावर तू माझ्या पदराचं टोक मुठीत धरून झोपायचीस. मी कूस बदलली तरी तुला कळायचं. आणि मला मात्र काही कळलं नाही, मी लोणचं पाठवत होते.

तू काही चुकलेली नाहीस. हे एकदा लिहून ठेवते, पुन्हा पुन्हा वाच.

नानांना सांगत नाही. शब्द दिला.

कौतिकजवळ ज्वारीचे बिबडे, उडदाचे पापड आणि शेंगदाण्याची चटणी दिली आहे. लताबाईंना पण दे.

दुसरं काही लिहायला सुचत नाही म्हणून यादीचं लिहिते. तारखा विचारून भरल्या, क्रम नीट लागला, आबा पुन्हा म्हातारे झाले. पण बेरीज सव्वा मुठीनं जास्त येते. मी कागदावर बोट ठेवून तीनदा मोजलं, दिसणारी माणसं बरोबर आहेत. कॉम्प्युटर मात्र एक माणूस जास्त धरतो.

ते माणूस कोण हे मला माहीत आहे. यादी लिहायला बसले तेव्हा नानांच्या खाली हात सवयीनं तुझ्या काकांचं नाव लिहून गेला. मग माझं. लिहून झाल्यावर लक्षात आलं. ते गेले त्याला आता तीन वर्षं होतील, रोट जिवंत माणसांचा, त्यांना मूठ नाही. मला कळत नाही असं नाही. पण ओळ पुसायला गेले आणि माझ्यानं ते बटण दाबवेना. शेवटी मी ती ओळ लपवली. दिसत नाही, तर मोजणार कसा, असं वाटलं. मोजतोय मेला. काय करू? पुसायचीच का?

काकू


धुळे,
८ जुलै

प्रिय काकू,

पुसायची नाही.

ओळ लपवली तरी बेरीज तिला सोडत नाही. ती फक्त आपल्या डोळ्यांना दिसत नाही. डावीकडचे आकडे बघ, मधला एक गायब असेल. त्याच्या वरची आणि खालची ओळ दोन्ही निवड, उजवी टिचकी मार, तिथं अनहाइड आहे. काका परत दिसतील. मग त्यांच्या ओळीत शेवटच्या चौकोनातलं १.२५ तेवढं काढून टाक. शून्यही लिहू नकोस, मोकळा ठेव. बेरीज बरोबर येईल आणि नाव जागेवर राहील. वाचताना तू ते मनात वाच. कुणाला काही सांगायची गरज नाही.

काका मला सायकलवर पुढच्या दांडीवर बसवून शाळेत सोडायचे. वाटेत ओळखीचा कुणी भेटला की "ही आमची कलेक्टरीण" म्हणून सांगायचे. त्या कलेक्टरणीनं आज त्यांच्या मुठीचा निकाल दिला.

तुझं पत्र उशाशी ठेवलं आहे. काल संध्याकाळी खोलीत बिबडे भाजले आणि लताबाईंसोबत खाल्ले. बऱ्याच दिवसांनी भूक लागली होती.

तुझी,
सुलक्षणा


अमळनेर,
१९ जुलै

चि. सुलक्षणा,

काका दिसले, बेरीज जुळली. मी त्या मोकळ्या चौकोनाकडं बराच वेळ बघत बसले होते. बरं वाटलं. तू हुशार आहेस हे मी पहिलीतच ओळखलं होतं, पण मायाळू आहेस हे त्याहून मोठं.

मध्ये लिहिलं नाही कारण घरात जरा गडबड होती. नानांची दाढ दुखत होती म्हणे. कुणाशी बोलत नव्हते, भाकरी कुस्करून दुधात खायचे आणि उठून मळ्यात जायचे. सविताचे पाय सुजलेत, पण डॉक्टर ठीक म्हणाले.

यादीत एक शेवटची अडचण आहे. आपल्या घरात एक माणूस वाढलं आहे, त्याची ओळ घालायची आहे. मी सगळ्यात खाली, बेरजेच्याही खाली, नाव लिहिलं, गाव लिहिलं, मुठींमध्ये १.२५ लिहिलं. पण बेरीज होती तेवढीच. पुन्हा लिहून पाहिलं, बंद करून उघडलं, तरी वाढत नाही. नाव डोळ्यांना दिसतंय, आकडा दिसतोय, आणि हिशोबात काही नाही. असं का होतं आणि काय करायचं, ते जरा लवकर कळव. रोटाचे गहू मापायला थोडेच दिवस राहिलेत.

काकू


धुळे,
२२ जुलै

प्रिय काकू,

माणूस वाढलं म्हणजे? सविता वहिनींची तारीख तर गणपतीच्या पुढं होती. लवकर झालं का? मुलगा की मुलगी? बाळ बरं आहे ना, वहिनी बऱ्या आहेत ना? मला कुणी कळवलंही नाही. खरं सांगते, तुझं पत्र वाचून आनंद झाला आणि जरा रडू पण आलं. घरात एवढं काही झालं आणि मला ते बेरीज जुळत नाही म्हणून कळावं!

असू दे. उपाय सोपा आहे. बेरीज तिच्या वरच्या ओळींचीच होते. तिच्याखाली कितीही मोठं नाव लिही, ती तिकडं बघत नाही. खालची ओळ काढून टाक. आपल्या घराच्या ओळी जिथं आहेत तिथं जा, ज्या ओळीच्या वर जागा हवी तिच्या डावीकडच्या आकड्यावर उजवी टिचकी मार आणि इन्सर्ट म्हण. मोकळी ओळ तयार होईल, बाकीचे सगळे आपोआप एकेक पाऊल खाली सरकतील. तिथं नाव लिही. ओळ मध्ये घातली की बेरीज स्वतःहून तिला धरते, तुला काही करावं लागत नाही.

आणि काकू, एवढं मात्र ऐक. घरातलं माणूस आहे तर त्याला असं तळाशी एकटं का बसवलंस? आपल्या माणसांत घाल की. जागा करायला कुणाला पुसावं लागत नाही, सगळे थोडे सरकले की झालं.

बाळाला माझ्याकडून झबलं शिवते आहे. नाव काय ठेवणार तेही कळव.

तुझी,
सुलक्षणा


अमळनेर,
४ ऑगस्ट

चि. सुलक्षणा,

आज सकाळी कानबाई नदीवर पोचवली. पाय दुखत आहेत, आवाज बसला आहे, आणि हे पत्र लिहिल्याशिवाय मी आडवी होणार नाही.

सविता अजून बाळंत झालेली नाही. झबलं ठेवून दे, लागेल.

सोबतचा कागद उघड. आपलं घर बघ. नाना, काका, मी, तुझा भाऊ प्रेमराज, सविता. त्याखाली तू. तुझ्याखाली नवल. तू सांगितलंस तशीच ओळ मध्ये घातली. सगळे एकेक पाऊल सरकले आणि बेरीज सव्वा मुठीनं वाढली.

तुला दिलेला शब्द मी मोडला. रागव हवी तर, पण माफी मागणार नाही. तुझं आठ तारखेचं पत्र वाचत होते आणि नाना समोर येऊन बसले. "पोर कशी शे?" एवढंच विचारलं. माझ्यानं खोटं बोलवलं नाही. सगळं सांगितलं. ते ऐकून उठले आणि मळ्यात गेले. दाढ वगैरे काही दुखत नव्हती. चार दिवस त्यांच्या तोंडातून शब्द नाही. मला वाटलं, संपलं, पोरीला जी भीती होती तेच झालं. आणि मग एका संध्याकाळी माझ्या खुर्चीमागं येऊन उभे राहिले. म्हणाले, "लगीन मीच लाई दिन्हं. माले काही समजनं नही." डोळ्यांत पाणी होतं. मग म्हणाले, "तिनं नाव यादीमा शे का?"

मी घाबरून तुझं नाव तळाशी लिहिलं. आबा काय म्हणतील, भाऊबंदकी काय म्हणेल, माझी वर लिहायची छाती झाली नाही. ते वाकून बघत होते. तुझे वडील आयुष्यभर मुठी मोजत आलेत. त्यांनी नाव नाही बघितलं, बेरीज बघितली. "आकडा वाढना नही," म्हणाले. "मंग हाई मोजामा धरेल नही. तिले भाऊस्ना मझार टाक." भावांच्या मध्ये ओळ घालायला मला येईना, म्हणून तुला विचारलं. मुद्दामच सांगितलं नाही कुणाचं नाव ते. सांगितलं असतं तर तू उपाय लिहिला नसतास, मला माहीत आहे.

गहू मापायला सगळे जमले. धरणगाववाले पण आले. मी कागदावरून वाचत गेले. आपलं घर आलं. काकांचं नाव मी मनात वाचलं, नाना क्षणभर थांबले आणि पुढच्या नावाला हात घातला. प्रेमराज झाला, सविता झाली. मी तुझं नाव वाचलं. मोठ्यानं वाचलं, मला माझा आवाज कमी ऐकू येतो ना.

आबांनी मान वर केली. "दिधेल पोरनं नाव आठे कसं?"

लग्न करून दिलेल्या लेकीचं नाव माहेरच्या यादीत कधीच येत नाही. नानांनी आबांकडं बघितलंच नाही. मूठ भरली, ओतली. मग पाव मूठ घेतली, ती पण ओतली. आणि मला म्हणाले, "मनी पोर घर ई ऱ्हायनी. पुढलं नाव वाच."

पोर घरी येते आहे हे ऐकून आबा उठायला लागले. तेव्हा द्रौपदाअक्का, ज्यांना आता स्वतःच्या नातवाचं नाव आठवत नाही, त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. म्हणाल्या, "यादव, गहू एक व्हई गया. आते तिना दाणा कसा निवाडशी?" आबा बघत राहिले मिसळून गेलेल्या त्या ढिगाकडं. मग बसले. गोड लागलं नाही त्यांना, काल पंगतीत अर्धाच रोट खाल्ला आणि माझ्याशी बोलले नाहीत. बोलतील. नाही बोलले तरी चालेल. धरणगावची ती सून माझ्याजवळ आली आणि तुझा पत्ता विचारून गेली.

आता ऐक. तुझ्या वाटणीचा रोट डब्यात झाकून देवापुढं ठेवला आहे. तो पौर्णिमेच्या आत खायचा असतो. घराबाहेर पाठवता येत नाही, नाही तर कौतिकजवळ दिला असता. आणि तो तुझ्या नावाचा आहे, दुसऱ्या कुणाला खाता येत नाही. पौर्णिमा शनिवारी आहे. मी आणखी काही लिहीत नाही. नाना पेन मागत आहेत.

तुझी काकू

पोरी, शुक्रवारी सकाळच्या गाडीनं तुला माहेरी न्यायला मुराळी म्हणून मी स्वतः येतो. प्रेमराजला पाठवत नाही. नोकरी सोडायची नसेल तर सोडू नको, गाडी रोज आहे. सामान किती आहे ते कौतिकजवळ सांगून ठेव. टेम्पो सांगू का?
— नाना


धुळे,
६ ऑगस्ट

ती. नानांना नमस्कार.

पत्र स्टँडवरच वाचलं. कौतिकभाऊ गाडी सोडायची वेळ झाली तरी माझ्याजवळ उभे होते, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता.

टेम्पो सांगू नका. एक पेटी आणि शिलाई मशीन आहे, ते कौतिकभाऊ मागच्या सीटखाली बसवून देतो म्हणाले. देवपुरात दत्त मंदिराच्या पुढं उजवीकडची गल्ली. पण तुम्ही घर शोधत फिरू नका, मी स्टँडवरच येते.

प्रेमराजला खरंच आणू नका नाना, तुम्ही एकटेच या. मला गाडीत तुमच्या शेजारी बसायचं आहे.

तुमची,
सुलक्षणा